शेंबी आणि बुलबार : गाडी सजवण्याचा खान्देशी इतिहास



आजचा विषय कळल्यावर आपल्यापैकी दोघा-तिघांनी मला फोन केला. म्हणाले, सर, तुम्ही आयुष्यभर शंकराचार्य आणि कांट शिकवला, आता मोटारीला स्टिकर लावण्यावर बोलणार? बोलणार. कारण मला असं वाटतं की माणूस आपल्या वस्तूला बाहेरून काय करतो, यात त्याच्या मनाचा बराच इतिहास साठलेला असतो. आत येताना दाराशी लागलेल्या गाड्या मी सवयीने पाहिल्या. कारखान्यातून आली तशीच राहिलेली गाडी मला एकही दिसली नाही. कोणाच्या मागच्या काचेवर कुलदैवत, कोणाच्या दारावर रबरी पट्टी, कोणाच्या चाकांना चंदेरी टोप्या. एका पांढऱ्या गाडीला पुढून इतका जाड लोखंडी पाइप लावलाय की गाडी कुस्तीला निघाली आहे असं वाटावं. या पाइपाकडे मी शेवटी येणार आहे. त्याच्यासाठीच खरं तर हा विषय घेतला.

सुरुवात जरा लांबून करू. १९७४ साली नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला जमिनीतून चार कांस्य वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि चौथा बैलजोडीचा रथ. उत्तर हडप्पा काळाशी त्यांचा संबंध जोडला जातो. रथ साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीचा. दोन बैल, मागे उभा माणूस, आणि मधल्या दांडीवर एक कुत्रा. आता हा कुत्रा तिथे कशाला? त्याच्यामुळे रथ जोरात धावत नाही, ओझंही जास्त वाहत नाही. पुरातत्त्वज्ञ त्याचे धार्मिक अर्थ लावतील, तो त्यांचा अधिकार आहे. मी एवढंच म्हणेन की आपल्या मुलखात वाहन घडवणाऱ्या माणसाला निव्वळ वाहन पुरेसं वाटलेलं नाही. त्याला वर आणखी काहीतरी बसवावंसं वाटलं.

तिथून आपल्या खान्देशात या. माझ्या लहानपणी आमच्या गावात मोटार नव्हती, पण सजवलेलं वाहन होतं. दमणी होती, छकडा होता. लग्नाच्या दमणीला चाकांच्या आऱ्यांना रंग, जुवाला गोंडे, वर टप आणि त्याला झालर. आणि पोळ्याच्या दिवशी बैल. आधी अंघोळ, मग शिंगं घासून त्यांना हिंगूळ किंवा वारनीस, वर बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा, कपाळाला बाशिंग. आणि शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या. शेंबी म्हणजे काय हे इथल्या तरुण मंडळींना ठाऊक नसेल. शिंगाच्या टोकावर बसवायची ती छोटी पितळी टोपी असते. हा शब्द लक्षात ठेवा, आपल्याला परत लागणार आहे.

पोळ्याच्या सजावटीबद्दल दोन गोष्टी सांगतो. पहिली, ती मालक स्वतः करायचा. सालदार असला तर सालदारही हात लावायचा, किंबहुना त्याचाच जीव बैलात जास्त असायचा. दुसरी गोष्ट अशी, की वर्षभर ज्याच्याकडून काम घेतलं त्याच्याशी असलेलं नातं त्या सजावटीतून बोललं जायचं. बैल विकत घेता येतो, पण तो आपला व्हायला हात लागावा लागतो. मोटारीच्या बाबतीत हाच संस्कार पुढे चालू राहिला, असं माझं म्हणणं आहे. दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो. ते बोट पोळ्याच्याच सवयीचं आहे.

आता जगात काय चाललं होतं ते पाहू. १९०८ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीची मॉडेल टी आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीच्या आसपास गाड्या निघाल्या. त्यातल्या १९१४ ते १९२५ या काळात गाडी फक्त काळ्या रंगात मिळायची. एकच रंग, एकच साचा, म्हणून स्वस्त. शेतकऱ्यालाही परवडणारी. पण सगळ्यांची गाडी सारखी झाल्याबरोबर सगळ्यांना ती वेगळी करायची घाई झाली. मॉडेल टीला लावायच्या जोडसामानाचा मोठा बाजारच उभा राहिला. दिवे, हॉर्न, चाकांच्या टोप्या, पेट्या. टपालाने मागवायचं आणि अंगणात पाना घेऊन स्वतः बसवायचं.

श्रीमंतांकडेही तेच. १९१० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये रेडिएटरच्या झाकणावर काहीबाही बाहुल्या बसवायची फॅशन आली होती. रोल्स रॉईस कंपनीला ते बरं दिसेना. एवढी मोठी गाडी आणि वर भलतंच चित्र! म्हणून कंपनीने चार्ल्स साइक्स या शिल्पकाराकडून स्वतःची मूर्ती करवून घेतली. पंखांसारखी वस्त्रं मागे उडणारी ती बाई १९११ पासून त्यांच्या गाड्यांवर आली. आज ती कंपनीच्या ऐटीची खूण मानली जाते. पण तिचा जन्म झाला तो गिऱ्हाइकांच्या उचापतींना आवर घालण्यासाठी. म्हणजे सजावट कोणी करायची, मालकाने की कारखान्याने, हे भांडण मोटारीइतकंच जुनं आहे.

फिलिपीन्सचं उदाहरण तर फार बोलकं आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याच्या जीपा तिथे मागे राहिल्या. लोकांनी त्या घेतल्या, मागून लांब केल्या, समोरासमोर बाक टाकले, वर छप्पर चढवलं आणि अंगभर रंग, आरसे, घोडे, देवदेवता. तिला ते जीपनी म्हणतात. युद्धाच्या वाहनाचं त्यांनी जत्रेचं वाहन करून टाकलं. तो लष्करी हिरवा रंग आपल्याकडे मात्र आजही राखीव आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनांशिवाय इतरांना तो लावता येत नाही. आपल्या काही तरुणांना तोच रंग हवा असतो, ही गोष्ट निराळी.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे काय झालं? मोटारी बनवायचे परवाने मोजके. कलकत्त्याकडे उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, मुंबईत कुर्ल्याला आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर. १९५७ नंतर ॲम्बेसेडर आणि इकडे फियाट, जी पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. पैसे भरून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि मिळेल तो रंग घ्यायचा. फोर्डने स्वस्ताईसाठी निवड काढून घेतली होती, आपल्याकडे ती टंचाईने काढून घेतली. परिणाम सारखाच. गाडी घरी आली की माणूस तिच्या मागे लागायचा. मागच्या काचेला पडदे, सीटला टॉवेलचे खोळ, चाकामागे रबरी झडपा आणि त्यांवर नाव, बंपरला निकेल.

त्या काळातल्या खान्देशची जागा ध्यानात घ्या. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात. त्यातला दुसरा पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जातो. रावेर, सावदा, यावल पट्ट्यातली केळी ट्रकमध्ये भरून उत्तरेकडे निघायची. म्हणजे पंजाबचा, राजस्थानचा, गुजरातचा रंगवलेला ट्रक आमच्या दारावरून जायचा. आमचे पेंटर तो बघत बघतच शिकले. धुळ्याच्या चौफुलीवर आणि जळगावला अजिंठा चौफुलीच्या बाजूला गॅरेजं उभी राहिली. पत्रा ठोकणारा, लांबी भरणारा, वॉटर पेपर मारणारा, रंग मारणारा आणि शेवटी ब्रश घेऊन 'हॉर्न ओके प्लीज' लिहिणारा, अशी कामाची उतरंड ठरून गेली. ट्रकच्या पाठीवरची ही तीन शब्दांची पोथी २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तालयाने बंद करायला सांगितली. विनाकारण हॉर्न वाजवायला ती चिथावणी देते म्हणून. तरीही ती पूर्ण गेलेली नाही. अक्षरांना सवय लागते आणि सवयीला आदेश लवकर ऐकू येत नाही.

या गॅरेजांत एक शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, 'ड्युको'. गाडीला ड्युको मारला, कपाटाला ड्युको मारला. मला तो आपलाच कुठला कारागिरी शब्द वाटायचा. पुढे कळलं, की ते अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीच्या रंगाचं नाव. १९२३-२४ मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांना हा झटपट वाळणारा रंग पहिल्यांदा दिला. तोवर गाडी रंगवून वाळायला दिवसच्या दिवस, काही रंगांना आठवडे लागायचे. ड्युकोने ते तासांवर आणलं आणि मग रंगीत गाड्या स्वस्तात निघू लागल्या. फोर्डच्या काळ्या रंगाचं राज्य संपायला या डब्याचाही हात लागला. आणि त्या डब्याचं नाव आमच्या अजिंठा चौफुलीवर येऊन सामान्य नाम होऊन बसलं. तसंच 'रेडियम'. दुकानावर पाटी असते 'रेडियम आर्ट', आणि आत रेडियमचा कणही नसतो. असते ती चमकणारी चिकटपट्टी. मादाम क्युरींना हे पाहून मौज वाटली असती.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. तिच्यात मूर्खपणा माझाच आहे.

१९८४ साली मी एक जुनी फियाट घेतली. तिसऱ्या हातची. रंग काळा, म्हणजे कधीकाळी काळा असलेला. १९८६ मध्ये बहिणीचं लग्न निघालं. नवरीची पाठवणी या गाडीतून करायची, आणि गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा माझ्या महिन्याच्या पगाराच्या वर. मग मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही ठरवलं की घरीच करू. मे महिना. वाड्याच्या अंगणात गाडी उभी केली. गंज खरवडला, भोकांत लांबी भरली, आठ दिवस पॉलिश पेपर घासला. बोटांची टोकं सोलली. स्प्रे गन कुठली, दाराला लावायचा रंग आणि चार इंची ब्रश. रंग घेतला मोरपंखी, कारण बहिणीचा शालू मोरपंखी होता. दुसरा हात मारला त्या दुपारी खान्देशातली प्रसिद्ध वावटळ आली आणि अंगणातली सगळी धूळ, कडुनिंबाची पानं, दोन माश्या त्या रंगात कायमच्या विराजमान झाल्या.

आमचे शेजारी, निरक्षर पण मोठे मिस्कील गृहस्थ, येऊन बघून गेले. म्हणाले, "मास्तर, रंग जशा तशाच शे, पण आपली गाडी आपलीच दिखाले पायजे, भो!" मी पुढे सौंदर्यशास्त्राचे बरेच ग्रंथ वाचले, पण स्वहस्ते केलेल्या कामाचं इतकं नेमकं समर्थन माझ्या वाचनात आलं नाही. बहीण त्या गाडीतून सासरी गेली. अजून ती त्या माश्यांची आठवण काढते.

मूर्खपणा पुढे आहे. नोंदणी पुस्तकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. बदलला तर आर.टी.ओ.ला कळवून नोंद दुरुस्त करून घ्यायची असते. मला हे ठाऊकच नव्हतं. १९९३ साली गाडी विकायला काढली. पुस्तकात काळी, समोर मोरपंखी. घेणारा म्हणाला, सर, ही गाडी हीच कशावरून?

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला याहून चांगला प्रश्न कोणी विचारणार नाही! ही गाडी हीच कशावरून? आपल्याकडे हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्षू नागसेनाला भेटतो. नागसेन त्याला विचारतो, महाराज, तुम्ही रथातून आलात. मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळे सुटे भाग सोडून वेगळा रथ आहे का? तोही नाही. तेव्हा राजाला मान्य करावं लागतं की या भागांच्या आधाराने वापरलेलं 'रथ' हे एक व्यवहाराचं नाव आहे. आणि नागसेन सांगतो, माणसाचंही तसंच.

आपल्या नैयायिकांना हे पटलं नाही. ते म्हणाले, अवयव वेगळे आणि अवयवी वेगळा. धागे म्हणजे कापड नव्हे. धाग्यांपासून कापड नावाची एक नवीन, एकसंध वस्तू जन्माला येते. हा वाद शेकडो वर्षं चालला. ग्रीकांकडे थिसिअसच्या जहाजाची गोष्ट आहे. एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? या जुन्या प्रश्नांवर विचार करायला १९१६ साली आपल्याच अमळनेरला, एका गिरणीच्या गावात, प्रताप शेठजींच्या आश्रयाने तत्त्वज्ञानाची संस्था निघाली. देशभरातले विद्वान तिथे येऊन राहिले, आणि तिथून निघणारं इंग्रजी त्रैमासिक विद्यापीठांतून वाचलं जायचं. मोठी माणसं होती ती. पण त्यांच्यापैकी कोणाला वापरलेली फियाट विकावी लागली होती की नाही, याची मला शंका आहे.

कायद्याने हा प्रश्न कसा सोडवला ते बघा. आर.टी.ओ.चा माणूस आला, बॉनेट उघडलं, पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासली, आणि चेसिसवर ठोकलेला नंबर कागदावर उमटला. पुस्तकातल्या नंबराशी जुळला. झालं, गाडी तीच. रंग, टायर, काचा, सीट, सगळं बदललेलं, पण तो सांगाड्यावरचा नंबर म्हणजे गाडीचा आत्मा. मला एक भुर्दंड बसला, नोंद दुरुस्त झाली आणि गाडी गेली. पण त्या पेन्सिलीच्या घासण्यातून मला एक भेद कळला, तो तुम्हाला सांगतो. वस्तूवर दोन प्रकारचे बदल होतात. काही बदल मालकाबद्दल बोलतात आणि काही बदल इतरांवर काही करतात. मोरपंखी रंग माझ्याबद्दल बोलत होता. त्याने कोणाचं काही बिघडवलं नाही, बिघडवलं असेल तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांचं.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि नव्वदनंतर तर गाड्यांची रेलचेल झाली. आता निवड होती. रंग दहा मिळायला लागले. मग घरची उचापत थांबायला हवी होती ना? उलट वाढली. पण तिची जात बदलली, आणि हा माझ्या दृष्टीने या इतिहासातला महत्त्वाचा सांधा आहे. पूर्वी सजावट म्हणायची, 'ही माझी.' आता ती म्हणायला लागली, 'मी कोण आहे माहीत आहे का?'

नंबर प्लेटचं उदाहरण घ्या. नियम असा की अक्षरं आणि आकडे इंग्रजी, ठरलेल्या मापाचे. धुळ्याचा क्रमांक १८, जळगावचा १९, नंदुरबारचा ३९. पण आमच्या पोरांनी त्या आकड्यांतून मराठी वाचायला सुरुवात केली. इंग्रजी चार-एक-चार-एक जरा वाकवून, वर रेघ ओढून लिहिलं की 'दादा'. दोन-एक-चारचा 'राम'. चार-नऊ-एक-दोनचा 'पवार'. आणि आठ-शून्य-पाच-पाच म्हणजे इंग्रजीतला 'बॉस'. कल्पकता आहे, हे मी मान्य करतो. वर्गात निबंधाची दोन पानं न लिहिणारा मुलगा इथे लिपीशास्त्रज्ञ होतो. पण नंबर कशासाठी असतो? तो माझ्या हौसेसाठी नसतो. माझ्या गाडीने कोणाला धक्का दिला, तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मला शोधता यावं म्हणून असतो. मालकाने आपल्या गाडीवर लिहिलेली, पण दुसऱ्याच्या हक्काची अशी ती एकच ओळ आहे. तिच्यावर कलाकारी करणं म्हणजे आपल्या घराच्या भिंतीवर चित्र काढण्यासारखं नाही. ते सावकाराच्या वहीत खाडाखोड करण्यासारखं आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच सुरक्षित नंबर प्लेट यायला लागली, आणि आता महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती बंधनकारक झाली. माझ्या मते हे योग्य झालं.

काळ्या काचांचंही तेच. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम. आमच्या जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तेव्हा फिल्म लावणाऱ्याला मी लगेच गुन्हेगार म्हणणार नाही. पण २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर वरून काळी फिल्म चिकटवण्याला मनाई केली, ती गाड्यांच्या आत होणारे गुन्हे डोळ्यांसमोर ठेवून. आतल्याने बाहेरच्याला बघावं आणि बाहेरच्याने आतल्याला बघू नये, ही व्यवस्था राजवाड्याच्या जाळीच्या खिडकीची आहे. लाल दिव्याचीही तीच कथा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले. दिवा उतरवायला एक पाना पुरतो. तो चढवायची इच्छा उतरवायला किती वर्षं लागतील, सांगता येत नाही.

आता त्या पाइपाकडे येतो. बुलबार. नाव इंग्रजी, पण त्यात बैल आहेच. ऑस्ट्रेलियासारख्या देशात ओसाड मुलखात मोठी जनावरं गाडीला धडकतात, म्हणून पुढे लोखंडी कठडा लावायची पद्धत पडली. आमच्याकडे तो आला शोभा म्हणून. गाडी दणकट दिसते म्हणून.

माझ्या पुतण्याने २०१३ साली त्याच्या जीपवजा गाडीला असा बार लावला. स्वतः. त्याचं वेल्डिंगचं ज्ञान चांगलं, शेतातली अवजारं तोच जोडतो. पाइप आणला, वाकवला, थेट चेसिसला बोल्ट मारले, वर काळा ड्युको. मला दाखवायला घेऊन आला. मी मोरपंखी फियाटचा माणूस, मी काय बोलणार? मी म्हटलं, छान झालंय. हे वाक्य मी म्हटलं, म्हणून आज इथे उभा आहे.

पुढच्या हिवाळ्यात संध्याकाळी शेताहून येताना सायकलवरचा एक शाळकरी मुलगा आडवा आला. वेग फार नव्हता. पुतण्याने ब्रेक दाबला, तरी बार मुलाला लागला. मांडीचं हाड तुटलं. मुलगा वाचला, देवाची कृपा, पण आजही तो पाय ओढत चालतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पत्र्याला लागला असता तर थोडा तरी पत्रा दबला असता, इथे दबायला मुलाशिवाय काही नव्हतं.

मित्रहो, गाडीचा पुढचा भाग मुद्दाम दबेल असा केलेला असतो. धडकेचा जोर तो स्वतः चुरगळून पोटात घेतो, आतल्या माणसाचा आणि काही प्रमाणात बाहेरच्याचाही. एअरबॅग कधी उघडायची, याचं गणितही त्या दबण्यावर बसवलेलं असतं. त्याच्यापुढे न दबणारा पाइप लावला की बाहेरच्याला मार जास्त आणि आतल्याच्या एअरबॅगचा भरवसा कमी. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की असे बार बेकायदा आहेत, कारवाई करा. आधार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. उत्पादकाने मूळ सांगितलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करू नये, असं २००० सालच्या दुरुस्तीनंतर ते कलम सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात तेच उचलून धरलं.

इथे मला एक शंका नोंदवली पाहिजे, नाहीतर मी कायद्याचा भाट ठरेन. कलम ५२ चा कल असा दिसतो की कारखाना म्हणेल ते प्रमाण आणि मालक करेल ते संशयास्पद. मग शोरूममध्ये हजारो रुपये मोजून लावलेली शोभा चालते आणि अंगणात ब्रशने मारलेल्या रंगाकडे मात्र भुवया उंचावून पाहिलं जातं. गरिबाचा हात आणि श्रीमंताचं बिल, यांत कायद्याने भेद करू नये. स्वतःच्या हाताने वस्तू आपलीशी करणं, ही साधी गोष्ट नाही. ज्याच्याकडे निवडायला पैसे नाहीत, त्याच्याकडे निवड करण्याचा तेवढाच एक मार्ग असतो. बदल घरी झाला की कारखान्यात, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तो कोणाला लागतो, हा पहिला प्रश्न.

आणि म्हणून मी परत शेंबीकडे येतो. त्या अपघातानंतर पोळा आला तेव्हा पुतण्याच्या गोठ्यात बसलो होतो. त्याची आई बैलाच्या शिंगाला शेंबी चढवत होती. मी सहज विचारलं, वहिनी, ही कशाला? त्या म्हणाल्या, "शोभा दिसते, आणि टोक लागत नाही कुणाले." साठ वर्षं मी पोळा पाहत होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याला खरोखर शिंगं आहेत, त्याला आपल्या वाडवडिलांनी सजवताना त्याचं टोक बोथट केलं. आणि ज्या यंत्राला शिंगं नव्हती, त्याला आम्ही हौसेने लोखंडी शिंगं लावली.

तो बार पुतण्याने अपघाताच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच कापून काढला. कोणी सांगायची वाट पाहिली नाही. आज तो गोठ्याच्या दाराला आडवा बसवलाय, वासरं बाहेर पळू नयेत म्हणून. मुलाच्या उपचारांचा खर्च त्याने केला आणि शाळेची फी अजून भरतो. त्याने फिटलं का? नाही. तोही तसं म्हणत नाही. माझ्या त्या 'छान झालंय'चंही फिटलेलं नाही.

तेव्हा घरी गेल्यावर गाडी जरूर सजवा. रंगवा, पट्टे ओढा, देव लावा, मुलांची नावं लिहा. मोरपंखी रंगात दोन माश्या अडकल्या तरी हरकत नाही. फक्त पाना हातात घेण्याआधी गाडीच्या पुढे जाऊन क्षणभर उभे राहा, सायकलवरच्या मुलाच्या उंचीवर वाका, आणि तिथून आपल्या गाडीकडे बघा.